‘याले तं स्क्रूच नाही’

इन्स्टाग्रामवर हल्ली एचएमटी ‘जनता’चे रील्स फार येतात. पांढरी तबकडी, त्यावर देवनागरीत ‘जनता’, मागे कुठल्यातरी जुन्या सिनेमातली बासरी, आणि वर मजकूर: ‘जेव्हा देश स्वतःचं घड्याळ स्वतः बनवायचा.’ खाली रडक्या इमोजी आणि ‘डीएम फॉर प्राइस’. विकायला असलेल्या या घड्याळांपैकी बरीचशी चार मेलेल्या घड्याळांचे अवयव जुळवून आणि तबकडी नव्याने छापून तयार केलेली असतात. संग्राहकांच्या जगात अशा मालाला ‘मुंबई स्पेशल’ म्हणतात. ज्या तबकडीकडे बघून तुम्ही हळवे होता, ती कदाचित गेल्याच महिन्यात छापलेली असेल.

ही फसवणूक हा लेखाचा विषय नाही. मला राग आहे तो त्या हळवेपणाचा. एचएमटीसाठी आपण रडतो ते चुकीच्या गोष्टीसाठी रडतो, आणि रडून झाल्यावर मनगटावर जे बांधतो त्याच्याकडे नीट बघतही नाही. मी सॉफ्टवेअर इंजिनियर आहे. मनगटावर बांधायच्या वस्तूंसाठी कोड लिहिण्यात माझी तीन वर्षं गेलीत. त्यामुळे हे भांडण अर्धं तुमच्याशी आहे आणि अर्धं माझ्याशी.

चुकाऱ्याची घडी

माझं गाव सेलू. परभणीचं नाही, वर्धा जिल्ह्यातलं, नागपूर-वर्धा रस्त्यावरचं. आमच्याकडे घड्याळ कुणी म्हणत नाही, घडी म्हणतात. बाबांच्या मनगटावर एचएमटी जनता आहे. ती त्यांना 1989 साली लग्नात ‘मिळाली’. हा शब्द आमच्या घरात इतका सहज वापरला जातो की ती कुणालातरी द्यावी लागली होती, हे विसरायला होतं. ती दिली आईच्या वडिलांनी. बोलणी झाली तेव्हा यादीत सायकल, रेडिओ आणि घडी होती. सायकल आणि रेडिओचं जमलं, घडी अडली. कापसाचा चुकारा आला तेव्हा, लग्नाला आठ दिवस उरले असताना, आजोबा नागपूरला जाऊन ती घेऊन आले.

‘किती साधे दिवस होते’ म्हणणाऱ्यांसाठी हे मुद्दाम सांगितलं. देशाची ही लाडकी घडी आमच्या भागात तरी हुंड्याच्या यादीतून फिरत होती.

चुकारा म्हणजे काय, हे शहरातल्या वाचकांना ठाऊक नसेल. 1972 पासून महाराष्ट्रात कापूस एकाधिकार खरेदी योजना होती. शेतकऱ्याने कापूस सरकारी यंत्रणेलाच विकायचा, आणि त्याचे पैसे टप्प्याटप्प्याने मिळायचे. तो पैसा म्हणजे चुकारा. खरेदी केंद्राबाहेर बैलबंड्यांची रांग लागायची. आजोबांनी त्या रांगेत बंडीखाली झोपून रात्री काढल्यात. त्याच माणसाने मग घड्याळासाठीही वाट बघितली. विकताना घेणारा एकच, घेताना विकणारा जवळपास एकच, आणि दोन्हीकडे हा माणूस रांगेत. ही रांग लक्षात ठेवा. एचएमटी कशाने मेली याचं माझं उत्तर तिच्यात आहे.

आधी जे खरंच मोठं होतं ते

हिंदुस्थान मशीन टूल्स ही कंपनी 1953 मध्ये बंगळुरूला सुरू झाली ती घड्याळं बनवायला नाही, यंत्रं बनवणारी यंत्रं बनवायला: लेथ, मिलिंग, ग्राइंडिंग. घड्याळाचा कारखाना 1961 चा, जपानच्या सिटिझन कंपनीच्या तांत्रिक सहकार्याने उभा राहिलेला. पहिल्या घड्याळांचं अनावरण पंतप्रधान नेहरूंच्या हातून झालं. सुरुवातीला सुटे भाग जपानहून येत, पुढे बहुतेक भाग इथेच बनायला लागले.

हे किती अवघड आहे, ते इंजिनियरिंग शिकलेल्याने तरी समजून घ्यावं. ‘जनता’ हे चावीचं घड्याळ. सकाळी चावी दिली की कमान आवळली जाते. ती दिवसभर सैल होत जाते आणि तिची ताकद चक्रांच्या माळेतून शेवटच्या बॅलन्स चाकापर्यंत पोहोचते. ते चाक केसासारख्या बारीक बाल-कमानीवर डोलत राहतं आणि तासाला 18,000 ठोके देतं, म्हणजे सेकंदाला पाच. चक्रांच्या आसांची टोकं झिजू नयेत म्हणून कृत्रिम माणकाचे 17 खडे बसवलेले असतात. एवढं सगळं बरोबर जमलं, तरच ती वेळ दाखवते. स्वातंत्र्य मिळून चौदा वर्षं झालेल्या देशाने हे लाखांच्या संख्येत करायला घेतलं. सत्तरच्या दशकात श्रीनगर आणि तुमकूर, पुढे नैनीतालजवळचं रानीबाग इथेही कारखाने निघाले. पायलट, सोना, कोहिनूर, कांचन ही नावं घरोघरी गेली. अंध माणसाला बोटांनी वेळ कळावी म्हणून ब्रेल घड्याळही याच कंपनीने बनवलं. ‘देश की धडकन’ ही जाहिरात उगाच चालली नव्हती.

म्हणून ‘सरकारी होतं, भंगार होतं’ असं कुणी म्हणालं की मी बाबांची घडी दाखवतो. पस्तीस वर्षं उलटून गेली, अजून चालते.

तीन सोप्या गोष्टी, तिन्ही अर्ध्या

ही कंपनी का मेली? याची तीन उत्तरं बाजारात तयार मिळतात.

पहिलं: उदारीकरणाने मारलं. तारखा बघा. टायटन कंपनी 1984 ची, तिची घड्याळं बाजारात आली 1987 मध्ये. मनमोहन सिंगांचं ते प्रसिद्ध बजेट 1991 चं. एचएमटीच्या पायाखालची जमीन सरकली ती परवान्यांच्या राज्यातच, देशी स्पर्धकामुळे. 1991 नंतर परदेशी माल आला, घसरण वाढली, हे खरं. पण सुरुवात तिथे नाही.

दुसरं: क्वार्ट्झने मारलं. क्वार्ट्झ ही खरोखर सुंदर कल्पना आहे. स्फटिकाला वीज दिली की तो सेकंदाला 32,768 वेळा थरथरतो. ही संख्या म्हणजे दोनचा पंधरावा घात. ती पंधरा वेळा निम्मी करत गेलं की बरोबर सेकंदाला एक ठोका उरतो. सायकोने 1969 च्या डिसेंबरमध्ये क्वार्ट्झ मनगटी घड्याळ बाजारात आणलं आणि पुढच्या पंधरा वर्षांत स्वित्झर्लंडच्या घड्याळ उद्योगातली सुमारे 90,000 माणसांची संख्या 30,000 च्या आसपास आली. पण गंमत बघा. स्विस लोकांनी 1967 मध्येच क्वार्ट्झ मनगटी घड्याळाचे नमुने बनवले होते. आणि एचएमटीचं क्वार्ट्झ घड्याळ टायटन जन्मायच्या आधीपासून बाजारात होतं. तंत्र दोघांच्याही हातात होतं. स्विस उद्योग धडपडून उठला. बँकांनी पैसा ओतून कंपन्या एकत्र केल्या आणि 1983 मध्ये 51 भागांचं, प्लास्टिकचं, रंगीत स्वॉच बाजारात आलं. एचएमटी मात्र बराच काळ भारतीय माणसाला चावीचंच घड्याळ हवं आहे, असं धरून चालली. म्हणजे मारलं ते क्वार्ट्झने नाही. हातात क्वार्ट्झ असूनही न हललेल्या निर्णयाने मारलं.

तिसरं उत्तर सगळ्यात लाडकं: सरकारी म्हणून मेलं, खासगी आलं आणि जिंकलं. एलआयसीपासून एसटीपर्यंत काहीही विकायचं असलं की हे उदाहरण बाहेर येतं. ते देणाऱ्यांना माझा एकच प्रश्न आहे: टायटन म्हणजे काय? टायटन हे टाटा इंडस्ट्रीज आणि टिडको यांच्या भागीदारीतून झालेलं नाव आहे, आणि टिडको म्हणजे तमिळनाडू सरकारचं औद्योगिक विकास महामंडळ. कारखाना तमिळनाडूत होसूरला निघाला. आजही टायटनमध्ये टिडकोचा वाटा सुमारे 28 टक्के आहे. एचएमटीत तयार झालेली अनुभवी माणसं तिथे गेली. होसूर बंगळुरूपासून तासाभराच्या अंतरावर आहे, हा काही योगायोग नाही. म्हणजे ज्या खासगी विजयाचे पोवाडे आपण गातो त्यात एका सरकारचा भांडवली वाटा होता, आणि दुसऱ्या सरकारने वर्षानुवर्षं शिकवलेले हात होते.

मग फरक कशात होता? टायटनमध्ये सरकार भागीदार होतं, पण उद्या कुठलं घड्याळ बनवायचं हे झर्क्सिस देसाई आणि त्यांचे लोक ठरवत होते. एचएमटीत मोठा निर्णय मंत्रालयाच्या दारात जाऊन बसायचा. कारखाने कुठे काढायचे हेही नकाशा बघून ठरलं. मागास, डोंगराळ भागात रोजगार न्यायचा हा हेतू वाईट नव्हता, पण त्याची किंमत घड्याळ कंपनीच्या खात्यातून गेली. श्रीनगरच्या कारखान्याने तर त्याहून भयंकर किंमत मोजली. एप्रिल 1990 मध्ये तिथल्या महाव्यवस्थापकांचं दहशतवाद्यांनी अपहरण केलं आणि त्यांना मारून टाकलं.

आणि सगळ्यात मोठं कारण, रांग. ज्याच्या दारात रांग असते त्याला गिऱ्हाईक दिसत नाही, फक्त रांग दिसते. कांचन मॉडेल काळ्या बाजारात चढ्या भावाने विकलं जायचं, तेव्हा कंपनीला वाटलं की आपण जिंकतो आहोत. खरं तर लोक तिच्यावर प्रेमापोटी थांबलेले नव्हते, त्यांना दुसरीकडे जायला जागा नव्हती. टायटनने शोरूम काढली, काचेखालची घड्याळं हातात दिली, मोझार्टची धून वाजवली आणि माणसाला सांगितलं की तू आवडीने निवड. जागा मिळताच रांग मोडली. एकाधिकार खरेदीचंही पुढे हेच झालं. कायदा सैल झाला आणि बंड्या खासगी व्यापाऱ्याच्या दारात गेल्या.

पुढचं सगळ्यांना ठाऊक आहे. 2000 साली घड्याळांची वेगळी कंपनी केली, तोटा वाढत राहिला. 2014 मध्ये बंद करायची बातमी आली, तेव्हा लोक एकदम घड्याळं घ्यायला धावले. जानेवारी 2016 मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाच्या समितीने एचएमटी वॉचेस, श्रीनगरची एचएमटी चिनार वॉचेस आणि एचएमटी बेअरिंग्ज बंद करायला मंजुरी दिली. कामगारांना 2007 च्या वेतनश्रेणीच्या हिशेबाने स्वेच्छानिवृत्ती मिळाली, आणि सगळ्या कामासाठी सुमारे 427 कोटींची तरतूद झाली. तुमकूरची जागा इस्रोकडे गेली. मूळ कंपनीच्या नावाने थोडी घड्याळं आजही विकली जातात. पण देशाचा घड्याळ कारखाना म्हणून जे होतं ते संपलं.

इथपर्यंतचं तुम्हाला कुठेही वाचायला मिळेल. माझा मुद्दा इथून सुरू होतो.

टेबलभर दुकान

सेलूच्या बसस्टँडकडून बाजारात जाताना एक घडीचं दुकान होतं. दुकान म्हणजे काचेचं झाकण असलेलं टेबल, वर पिवळा दिवा, आणि मागे डोळ्याला भिंग लावून बसलेले काका. टेबलाच्या खणात पन्नासेक छोट्या डब्या: कोणत्यात चाव्या, कोणत्यात काटे, कोणत्यात खडे. बहुतेक सगळं मेलेल्या घड्यांतून काढलेलं. लहानपणी बाबांसोबत गेलो की ते मला भिंगातून बघू द्यायचे. माझ्या इंजिनियरिंगची सुरुवात कॉलेजात नाही, तिथे झाली असं मी मानतो.

या टेबलाचा हिशेब एचएमटीच्या ताळेबंदात कधी आला नाही. ‘जनता’चं मशीन एकाच घडणीचं, वर्षानुवर्षं फारसं न बदललेलं. सेलूच्या काकांना जे कळत होतं ते हिंगणघाटच्या, आर्वीच्या, पुलगावच्या कारागिरालाही कळत होतं. सर्व्हिसिंगला लागायचं बेंझिन, चिमटा, बारीक तेल आणि दोन तास. तालुक्यातालुक्यात या घड्याळाने अशी टेबलं जगवली. कारखाना बंगळुरूत होता, पण घड्याळाचं आयुष्य सेलूत वाढत होतं. आणि त्या वाढीचे पैसेही सेलूतच राहत होते.

आमच्यापासून पंधरा-वीस किलोमीटरवर वर्ध्याला मगनवाडी आहे. 1934 मध्ये तिथे अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ सुरू झाला आणि जे. सी. कुमारप्पा यांनी तो उभा केला. लंडन आणि कोलंबियात शिकलेला हिशेबतपासनीस, जो वर्ध्यात येऊन तेलघाणी आणि हातकागदाचे हिशेब मांडत बसला. त्यांचं ‘इकॉनॉमी ऑफ परमनन्स’ 1945 चं. साठा उपसत जगणं आणि प्रवाहावर जगणं यात त्यांनी फरक केला. साठा संपतो, प्रवाह राखला तर टिकतो. शाळेत आम्हाला शिकवलं गेलं की गांधी-कुमारप्पा एका बाजूला आणि नेहरूंचे मोठे कारखाने दुसऱ्या बाजूला. मला आता वाटतं की ‘जनता’ घडीत हे दोघं नकळत भेटले होते. बनायची नेहरूंच्या कारखान्यात, टिकायची कुमारप्पांच्या टेबलावर. आणि गांधीजी तर स्वतःच कमरेला घड्याळ लावून फिरत. त्यांचा विरोध यंत्रापेक्षा यंत्राच्या हव्यासाला होता.

एचएमटी गेली तेव्हा गेलं ते हे. ब्रँड गेला, त्याचं मला फारसं दुःख नाही. ब्रँड येतात-जातात. पण एखादी वस्तू तालुक्याच्या गावात उघडता येते, समजून घेता येते, पुन्हा चालू करता येते, ही गोष्ट तिच्याबरोबर गेली. त्यासाठी रील कुणी बनवत नाही.

माझी फाइल

बाबा निवृत्त झाले तेव्हा मी त्यांना स्मार्टवॉच दिलं. भारतीय नाव, डब्यावर तिरंगी पट्टा, किंमत दोन हजारांच्या आत. ते बाबांना आवडलं. बोर धरणाच्या रस्त्याने सकाळी किती पावलं चाललो ते रोज फोनवर सांगायचे. सव्वादोन वर्षांनी एक दिवस अॅपने अपडेट घेतलं आणि संदेश आला की या उपकरणाला आता सपोर्ट नाही. घड्याळ तुटलं नव्हतं, पाण्यात पडलं नव्हतं. पडदा लागत होता. फक्त ते फोनशी बोलेना, तारीख लावेना आणि पावलं दाखवेना. कस्टमर केअरने नव्या मॉडेलवर सूट देऊ केली.

सुट्टीत सेलूला गेलो तेव्हा बाबा म्हणाले, “चाल, काकाले दाखवू.” मी म्हटलं, त्याचा उपयोग नाही. तरी गेलो. काका आता थकलेत. टेबलाच्या अर्ध्या भागात मुलाने मोबाइलची कव्हरं आणि टेम्पर्ड ग्लास मांडलेत. त्यांनी घड्याळ हातात घेतलं, भिंग लावलं, चारी बाजूंनी फिरवलं. मग माझ्याकडे बघून विचारलं, “हे उघडते कुठून बेटा? याले तं स्क्रूच नाही.”

मी उत्तर दिलं नाही. कारण मला माहीत होतं. ते गोंदाने चिकटवलेलं असतं. आणि उघडलं असतं तरी काही झालं नसतं, कारण बिघाड त्याच्या आत नव्हताच. तो दूर कुठेतरी सर्व्हरवर होता, कुणाच्यातरी एका निर्णयात.

तसा एक निर्णय मी स्वतः कोडमध्ये उतरवला आहे. बाबांच्या घड्याळाचा नाही, दुसऱ्या एका कंपनीचा, जिच्यासाठी आमची टीम अॅप बनवायची. काम साधं होतं. जुन्या तीन मॉडेल्सची नावं यादीतून काढायची आणि त्यांच्याऐवजी तो संदेश दाखवायचा. जेमतेम अर्ध्या दिवसाचं काम. मी विचारलं, “चालू घड्याळं का बंद करायची?” उत्तर आलं, “टेस्टिंगचा खर्च परवडत नाही.” ते खोटंही नव्हतं. मी कोड लिहिला, रिव्ह्यूला टाकला, मंजूर झाला आणि जेवायला गेलो. त्या तीन मॉडेल्सची किती घड्याळं कुणाकुणाच्या बाबांच्या हातात होती, हे मी विचारलं नाही. विचारायची पद्धतच नाही.

म्हणून ‘मेक इन इंडिया स्मार्टवॉच’चा अभिमान माझ्या घशाखाली उतरत नाही. गेल्या काही वर्षांत देशात कोट्यवधी स्मार्टवॉच विकली गेली. 2024 मध्ये तो बाजार आपटला, कारण ज्यांनी पहिलं घेतलं त्यांना दुसरं घ्यायचं कारण सापडेना. त्यातल्या चिप्स, सेन्सर, पडदे बहुतेक बाहेरून येतात. इथे होते ती प्रामुख्याने जुळणी. एचएमटीनेही जपानच्या भागांनी सुरुवात केली होती, त्यामुळे जुळणीला मी नावं ठेवत नाही. प्रश्न आहे पुढे काय. एचएमटीने जुळणीवरून बनवण्यापर्यंत जायचं ठरवलं होतं. आपण जुळणीवरून सेलपर्यंत, आणि सेलवरून कचऱ्यापर्यंत जातो आहोत.

आणि रांग? ती मोडली असं आपल्याला वाटतं. माझ्या मते ती फक्त वळली. तेव्हा माणूस वस्तू मिळेपर्यंत रांगेत उभा असायचा. आता वस्तू दारात येते, आणि ती कधी बंद होणार याची वाट बघत माणूस उभा असतो. दोन्ही वेळा ठरवणारा तिसराच. फक्त आधी तो मंत्रालयात होता, आता अॅपच्या मागे आहे.

‘मग काय चावी देत बसायचं?’

हा प्रश्न येणार हे मला माहीत आहे. नाही. बाबांची जनता दिवसाला अर्धा मिनिट इकडेतिकडे होते, शंभर रुपयांचं सेलचं घड्याळ तिच्यापेक्षा बरोबर वेळ दाखवतं. ज्याला हृदयाचे ठोके मोजायचे आहेत त्याने जरूर मोजावेत. मी जुनी वस्तू परत मागत नाही, जुनी लायकी परत मागतो: वस्तू उघडता येण्याची, दुरुस्त करता येण्याची, आणि तिचं मरण आधी सांगितलं जाण्याची.

यात अशक्य असं काही नाही. ब्रिटनमध्ये एप्रिल 2024 पासून इंटरनेटला जोडणाऱ्या वस्तूंच्या उत्पादकाला सुरक्षा अपडेट किमान कधीपर्यंत देणार ते जाहीर करावं लागतं. युरोपीय संघात जून 2025 पासून स्मार्टफोन आणि टॅबलेटसाठी सुटे भाग सात वर्षं उपलब्ध ठेवावे लागतात आणि अपडेट किमान पाच वर्षं द्यावे लागतात. आपल्याकडे डिसेंबर 2022 मध्ये केंद्र सरकारने ‘राइट टू रिपेअर’ पोर्टल सुरू केलं. त्यावर कंपन्या दुरुस्तीची माहिती देतात. चांगलं आहे, पण माहिती देणं आणि बांधील असणं यात फरक आहे. क्रोसिनच्या दोन रुपयांच्या गोळीवर मुदत छापावी लागते, आणि दोन हजारांच्या घड्याळावर नाही, हे आपण चालवून का घेतो?

माझ्या मागण्या तीन आहेत. सॉफ्टवेअर सपोर्ट कोणत्या तारखेपर्यंत, हे डब्यावर किमतीशेजारी तितक्याच मोठ्या अक्षरात छापा. सपोर्ट संपला की घड्याळाचा फोनशी बोलायचा प्रोटोकॉल खुला करा, म्हणजे दुसरा कुणी अॅप लिहू शकेल. लिहिणारे आहेत, त्यात मीही असेन. आणि गोंद नाही, स्क्रू लावा. इंजिनियर म्हणून सांगतो, पाणी आत जाऊ नये म्हणून गोंदच लागतो हे खरं नाही. पाण्याखाली नेण्याची घड्याळं रबरी रिंग आणि फिरकीच्या झाकणावर कित्येक दशकं चालली आहेत. गोंद स्वस्त पडतो, एवढंच त्याचं कारण.

‘यामुळे किंमत वाढेल’ असं म्हणतील. वाढेल, थोडी. पण आत्ता जी किंमत कमी दिसते, तिचा उरलेला भाग दोन वर्षांनी आपणच भरतो, दुसरं घड्याळ घेऊन. आणि जे पैसे काकांच्या टेबलावर यायचे ते टेबलाला वळसा घालून निघून जातात. काकांनी बाबांच्या जनताची सर्व्हिसिंग केली त्याचे 250 रुपये घेतले. तेवढ्यात ती आणखी काही वर्षं चालेल. ते 250 रुपये सेलूतच भाजीवर, किराण्यावर खर्च झाले असतील.

त्या दिवशी काकांनी स्मार्टवॉच परत देताना विचारलं, “तू हेच बनवतं ना पुण्यात?” मी हो म्हणालो. ते काही बोलले नाहीत. जनताची चावी दिली, कानाला लावली आणि बाबांच्या हातात दिली.

परत आल्यावर आमच्या टीममध्ये मी एक प्रस्ताव ठेवला: मॉडेल यादीतून काढायचं असेल तर सहा महिने आधी वापरणाऱ्याला कळवायचं, आणि वेळ, तारीख, पावलं या तीन गोष्टी अॅपशिवायही चालू ठेवायच्या. चर्चा झाली, आणि प्रस्ताव ‘पुढच्या तिमाहीत बघू’ या यादीत गेला. तिमाही उलटली, मी पुन्हा ठेवला. पुन्हा ठेवेन. तुमच्यापैकी बरेच जण माझ्याच धंद्यात आहात. तुमच्याकडेही अशी एखादी अर्ध्या दिवसाच्या कामाची फाइल येईल. तेव्हा एवढं तरी विचारा, की याची किती चालू आहेत आणि कुणाच्या हातात आहेत.

आणि जे या धंद्यात नाहीत, त्यांनी पुढचं घड्याळ घेताना दुकानदाराला दोन प्रश्न विचारावेत: हे कधीपर्यंत चालेल, आणि बिघडलं तर माझ्या गावात कोण उघडेल? दोन्हींची उत्तरं मिळाली नाहीत तर ते घड्याळ परत काचेखाली ठेवा. पाहिजे तर एचएमटीचा रील नंतर लाइक करा.